गोष्ट कुठे सुरू होते

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकाच चष्म्याचा एकेक अर्धा भाग होता. भांडलेल्या दोन पोरांना कानाला धरून आणावं, तसा तो ते घेऊन उभा होता.

"मी यावर बसलो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "म्हणजे मुद्दाम नाही."

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या कपाळावरून एक थेंब निवांतपणे नाकापर्यंत आला आणि तिथेच लटकत राहिला. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. चष्म्यावर बसलेली माणसं आमच्याकडे रोज येतात, त्यात हसण्यासारखं काही नसतं. तरी मला हसू आलं.

"तुम्ही हसताय," तो म्हणाला. "दिसत नाहीये, पण ऐकू येतंय."

मी त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांसमोर काचांची चौकट लावली आणि तक्ता उजळला.

"पहिली काच बरी, की दुसरी?"

"दोन्हींत तुम्ही अंधुकच दिसताय."

"मला नाही बघायचं. समोरचा तक्ता बघा."

"तक्ता मला पाठ आहे हो," तो म्हणाला, "लहानपणापासून तेच वाचत आलोय."

नंबर निघाला उणे साडेसहा. मी मनातल्या मनात त्याचं नावच ठेवलं, साडेसहा. पुढे ते तोंडावरही आलं आणि त्यानं ते आनंदानं वापरू दिलं.

मोडक्या चौकटीच्या काचा दुसऱ्या चौकटीत बसवायला आमचा कारागीर घेऊन गेला. तोवर मी त्याला चहा दिला. काउंटरवर डाग पडू नयेत म्हणून मी कपाखाली सीडी ठेवते. तशा तीन माझ्याकडे पडून होत्या. त्यानं चाचपडत कप उचलला, खालची सीडी हाताला लागली, ती त्यानं पार नाकाजवळ नेली आणि दिव्याकडे तिरकी धरली.

"ही तर भरलेली आहे," तो म्हणाला. "आतलं कडं गडद झालंय बघा. भरलेल्या सीडीवर कुणी चहा ठेवतं?"

"भरलेली असून उपयोग काय? वाजत नाही."

"काय आहे हिच्यावर?"

मी गिऱ्हाइकांना घरातलं सांगत नाही. पण त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता... आणि जो आपल्याला पाहू शकत नाही त्याला सांगणं फार सोपं असतं. मी सांगत गेले.

माझी आत्या गोष्टी सांगायची. रस्त्यापलीकडच्या वाचनालयात खाली मुलांचं दालन आहे, तिथे दर शनिवारी सकाळी. तिच्या गोष्टी ऐकून मोठी झालेली माणसं आज आपली पोरं घेऊन चष्मा करायला येतात आणि आत्याची चौकशी करतात. मी "बरी आहे" म्हणते. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आत्या वाचली, आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते आणि घराबाहेर पडत नाही. खूप वर्षांपूर्वी बाबांनी हौसेनं तिच्या गोष्टी एका स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. त्याची एकुलती एक सीडी वाजवून वाजवून ऑपरेशनच्या आधीच चिरली होती. मग एके दिवशी आत्यानं पाटीवर लिहिलं होतं, "गोष्टींची सीडी मिळेल का? जमलं तर दालनात जाऊन बघेन." एवढंच लिहून तिनं लगेच पुसूनही टाकलं. पण मी वाचलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"सीडी चिरण्याआधी बाबांनी तिची फाइल करून ठेवली होती," मी म्हणाले. "ती मी नव्या सीडीवर बर्न केली. आत्याचा प्लेयर नुसता भिरभिरतो आणि गप्प बसतो."

"फाइलचं नाव काय?"

"गोष्टी डॉट बिन."

"आणि क्यू?"

"कसला क्यू?"

"बिनबरोबर एक क्यू फाइल असते. एवढीशी. चिमूटभर." त्यानं बोटांनी दाखवलं. "बिन म्हणजे अख्ख्या सीडीचा ठसा. सगळा आवाज, सलग, एका लांब पट्ट्यासारखा. पण कुठली गोष्ट कुठे सुरू होते, ते बिनला स्वतःला ठाऊक नसतं. ते क्यूत लिहिलेलं असतं. तुम्ही काय केलंत, ती बिन उचलून तशीच सीडीवर ठेवलीत. नवी चादर उलगडून अंथरायच्या ऐवजी पिशवीसकट पलंगावर ठेवावी, तसं. प्लेयर बिचारा पिशवीकडे बघत बसला."

"आणि त्या दुसऱ्या दोन?"

"त्यांचं काय केलंत?"

"संगणकवाला म्हणाला, फाइलचं नाव बदलून आयएसओ करा. सगळे तेच वापरतात."

"आयएसओ कागदपत्रांसाठी, प्रोग्रॅमसाठी, फोटोंसाठी ठीक. वाजणाऱ्या सीडीचे भाग त्यात बसतच नाहीत. नुसतं नाव बदलून..."

"स्वभाव बदलत नाही," मी वाक्य पुरं केलं.

तो माझ्याकडे पाहून हसला. खरं तर माझ्या डावीकडच्या गॉगलच्या स्टँडकडे पाहून हसला, पण हेतू माझ्याकडे बघायचाच होता.

तो समोरच्या वाचनालयातच वरच्या मजल्यावर कामाला होता. जुन्या टेप आणि सीडी संगणकावर उतरवून जपून ठेवायच्या, हे त्याचं काम. आत्याचं येणं थांबल्यावर तो तिथे लागला होता, म्हणून आमची गाठ पडली नव्हती. चष्मा डोळ्यांवर चढला तसा त्यानं मला एकदा नीट पाहिलं, आणि मग उगाच चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"उद्या दुपारी... बिन घेऊन या," एवढं म्हणून तो पावसात निघून गेला. जाताना दाराजवळची छत्री घेऊन गेला. ती त्याची नव्हतीच, आमच्या कारागिराची होती, हे मला नंतर कळलं.

घरी गेल्या गेल्या मी बाबांना गाठलं. बाबा निवृत्त झाल्यापासून साफसफाई करतात. घरातला कचरा संपला तसे ते संगणकाकडे वळले.

"बाबा, त्या बिनबरोबर एक क्यू नावाची फाइल होती?"

"होती की. एक केबीची. एवढ्याशा फाइलीत काय असणार गं? लहान लहान सगळ्या काढून टाकल्या."

"रिसायकल बिनमध्ये असेल..."

"ती मी रोज रिकामी करतो," बाबा अभिमानानं म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, इमेज फाइल आहे म्हणे. इमेज म्हणजे फोटो ना? फोटोसारखी उघडून बघितली, उघडली नाही. मला वाटलं, उरलीय तीही बिनकामाचीच. तरी ताईची म्हणून ठेवली." आणि जरा वेळानं, "आणि ही बर्न करायची म्हणजे... जाळायची का?"

मला रागवायचं होतं, पण ते "ताईची म्हणून ठेवली" मधेच आलं. त्या दिवशी बाबा नीट जेवले नाहीत. त्यांनी आत्याला काही सांगितलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वाचनालयाचा जिना चढले. साडेसहाची खोली लहान होती. भिंतींना जाड कापड, टेबलावर दोन पडदे, एक खिडकी आणि तिच्यातून दिसणारं आमचं दुकान. खुर्ची अशी ठेवलेली, की पडद्यांऐवजी खिडकीच समोर यावी. 

त्यानं दुसरा हेडफोन माझ्या हातात दिला, बिन फाइल कच्चा आवाज म्हणून उघडली आणि कळ दाबली.

आत्या बोलायला लागली.

तिचा तो जाडसर, किंचित खरखरीत, दुपारी झोपून उठल्यासारखा आवाज. मी तो वर्षभर ऐकला नव्हता. मला वाटलं होतं मला तो पाठ आहे. पण आठवणीतला आवाज पुसट झाला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी रडले. साडेसहानं पडद्याकडे बघत राहायचं सौजन्य दाखवलं.

"सगळं आहे," तो हळूच म्हणाला. "एक अक्षरसुद्धा गेलेलं नाही. बाबांना सांगा. फक्त कुठे काय सुरू होतं, तेवढं हरवलंय. ते आपण लिहून काढू. क्यू साधी मजकुराची फाइल असते."

त्या 'आपण'साठी मी त्याची जन्मभर ऋणी राहीन.

त्याच्याकडे एक युक्ती होती. आवाजात दोन सेकंदांची शांतता आली की तिथे नवी गोष्ट, असं यंत्राला सांगायचं. यंत्रानं पट्टा चाळला आणि त्रेचाळीस गोष्टी काढून दिल्या.

"भरपूर सांगितल्यात हो आत्यांनी," तो खूश झाला.

"अकरा आहेत."

"काय?"

"अकरा गोष्टी. बाकीच्या नुसत्या थांबण्याच्या जागा आहेत." मला समजावून सांगावं लागलं. आत्या गोष्ट सांगता सांगता विचारायची, 'मग कासवानं काय केलं असेल...' आणि थांबायची. मुलांनी बोलेपर्यंत थांबायची. स्टुडिओत समोर एकही मूल नव्हतं, तरी ती तशीच थांबली होती. यंत्राला वाटलं गोष्ट संपली.

आता एकच मार्ग होता, सगळं बसून ऐकायचं. रोज दुपारी मी डबा घेऊन वर जायचे, आम्ही तो वाटून खायचो आणि ऐकायचो. प्रत्येक शांततेला तो माझ्याकडे बघायचा.

"ही संपल्याची, की थांबल्याची?"

"थांबल्याची."

"तुम्हाला कळतं कसं? दोन्ही सारख्याच गप्प आहेत."

"थांबते तेव्हा ती श्वास आत घेते. संपवते तेव्हा सोडते."

त्यानं ती जागा पुन्हा वाजवली. डोळे मिटले, चष्मा कपाळावर चढवला. मग पुन्हा वाजवली. तीन गोष्टी झाल्यावर मी सांगायच्या आत तोच "थांबल्याची" म्हणायला लागला, आणि बरोबर म्हणायला लागला. माझ्या आत्याला न भेटता तो तिला असा ओळखायला लागलेला पाहून माझ्या पोटात काहीतरी हललं. हे प्रेम आहे, असं तेव्हा मी स्वतःला म्हटलं नाही. भूक असेल म्हटलं.

वेळा टिपायचं काम माझ्याकडे होतं. मिनिटं, सेकंद आणि शेवटी सेकंदाचे तुकडे. मी तिथे ऐंशी टाकले.

"चौऱ्याहत्तरच्या पुढे जायचं नाही," तो म्हणाला. "इथे सेकंदाचे पंचाहत्तरच तुकडे असतात."

"एवढे बारीक तुकडे करून काय करतात?"

"माहीत नाही. पण तुम्ही मघाशी माझ्याकडे बघितलंत, ते साधारण चाळीस होते."

"मी घड्याळ बघत होते."

"घड्याळ तुमच्या मागच्या भिंतीवर आहे."

मी पुन्हा वेळा टिपायला लागले. तो कान देऊन ऐकत असल्यासारखा राहिला.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. आता सवय लागलीय ना श्वास ऐकायची. तुम्ही मघापासून आतच घेताय... सोडतच नाही."

त्या दुपारी एकच गोष्ट ऐकून झाली.

अकरावी गोष्ट संपली तसं त्यानं क्यू फाइल नीट लिहून बिनशेजारी ठेवली. मग मला गंभीरपणे धडा दिला. "दोघांना एकाच फोल्डरात ठेवायचं. नाव सारखंच. एकाला हलवलं की दुसऱ्यालाही हलवायचं. एकट्याला कधी कुठे पाठवायचं नाही. आणि जोडीची एक प्रत इथे, एक तुमच्या घरी."

"हे फाइलींबद्दलच चाललंय ना?"

"हो... फाइलींबद्दलच," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

कोरी सीडी आत सरकली. त्यानं सांगितलं, की अख्खी सीडी एका दमात लिहायची, नाहीतर यंत्र मधे मधे स्वतःच्या पदरची शांतता घालतं. आणि लिहून झाली की बंद करायची, त्याशिवाय जुना प्लेयर तिला ओळख दाखवत नाही.

"बंद केली की?"

"मग तिच्यात पुढे काही भरता येत नाही."

आम्ही दोघं पडद्यावरच्या लिहायच्या बटणाकडे बघत बसलो. त्यानं दाबलं नाही. मीही नाही. खाली रस्त्यावर आमचा कारागीर दुकानाच्या दारात उभा राहून मला शोधत होता. मग मला आत्याची पुसलेली पाटी आठवली आणि मी दाबलं.

सीडी फिरत होती तेवढ्या वेळात मी म्हणाले, "मला तुमचे आभार मानायचेत. नीट. म्हणजे..."

"नका मानू."

"का?"

"आभारप्रदर्शन झालं की कार्यक्रम संपतो," तो म्हणाला. "लोक खुर्च्या उचलायला लागतात."

सीडी बाहेर आली तेव्हा कोमट होती.

संध्याकाळी मी त्याला घरी घेऊन गेले. आत्यानं प्लेयरमध्ये सीडी घातली आणि आकडा दाबला, एक. आवाज आला. मग चार. मग नऊ. प्रत्येक आकड्याला बरोबर गोष्टीचा पहिला शब्द. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, ते तिथेच खाली बसले. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं पाटी ओढली. "बाई बरं सांगते." आम्ही हसलो. तिनं साडेसहाकडे पाहून पुन्हा लिहिलं, "तुमचा चष्मा एकाच बाजूला वळतो का? सारखा हिच्याकडेच." तो पाणी प्यायला उठला.

पण शनिवारचं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. "सीडी पाठवा," तिनं लिहिलं. "आवाज तिच्यात आहे. मी कशाला?"

एवढं सगळं करून आम्ही तिच्या जागी बसायला कुणीतरी तयार केलं होतं, असं झालं. बाबांनी "ताई, असं काय..." म्हणून पाहिलं. बोलला तो साडेसहा, पाण्याचा पेला हातात घेऊन.

"मला गोष्टींतलं फार कळत नाही, आत्या. पण तुमच्या सगळ्या थांबण्याच्या जागा मी ऐकल्यात. सीडी तिथे मोजून तेवढीच थांबते आणि पुढे जाते. एखादं मूल बोलायला लाजलं, त्याला उशीर लागला... तर सीडीला ते दिसणार नाही."

आत्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ओल्या फडक्यानं पाटी पुसून भिंतीला उभी करून ठेवली.

शनिवारी सकाळी ती स्वतःच तयार होऊन बसली होती.

मुलांचं दालन भरलं होतं. पुढे सतरंजीवर मुलं, भिंतीला टेकून त्यांचे आईबाप, त्यातले निम्मे आत्याकडेच गोष्टी ऐकून वाढलेले. आत्या तिच्या जुन्या बैठ्या खुर्चीत बसली, मांडीशी प्लेयर घेऊन. मी आणि साडेसहा सगळ्यांत मागे उभे होतो. बाबा पुढे मुलांतच जाऊन बसले.

"आता सीडी झाली," तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला. "चष्माही झाला. त्या कारागिरांची छत्रीसुद्धा परत केली. तुमच्या दुकानात यायला माझ्याकडे मोडकं असं काही उरलं नाही. तरी... असाच आलो तर..."

तेवढ्यात आत्यानं आकडा दाबला, अकरा, आणि दालन शांत झालं. मला उत्तर देता आलं नाही.

अकरावी गोष्ट साळिंदराची. अंगभर काटे म्हणून त्याला कुणी घरात घेत नाही. आवाज सीडीतून येत होता आणि हात आत्याचे चालत होते. बोटं ताठ केली की काटे, दोन्ही तळवे मिटले की बंद दारं. हरणाचं दार बंद, खारीचं दार बंद. मुलं आवाजाकडे बघतच नव्हती, तिच्याकडे बघत होती. शेवटी साळिंदर एका लहानशा घरापाशी येतं. आत दिवा असतो. ते दाराबाहेर उभं राहतं, अंग चोरून, आणि विचारतं, 'येऊ का मी आत...'

आणि तिथे आत्यानं प्लेयरवर बोट ठेवलं.

सीडी थांबली. आता ही शांतता यंत्राची नव्हती, तिची होती, आणि तिला हवी तेवढी लांब होती. आत्यानं पुढच्या ओळीतल्या एकेका मुलाकडे पाहिलं. कुणी बोलेना. तिनं घाई केली नाही. तिचे डोळे चमकत होते. गेल्या वर्षभरात मी ते असे पाहिले नव्हते, आणि त्या क्षणी मला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले. बाबांच्या हौसेचे, त्या मोडक्या चष्म्याचे, जिनं सगळा आवाज निमूटपणे सांभाळून ठेवला त्या बिन फाइलीचेही.

एक बारकी मुलगी आईच्या पदराआडून अगदी हळू म्हणाली, "ये."

मग दुसरं कुणीतरी म्हणालं. मग सगळीच, "ये, ये." बाबासुद्धा.

आत्याचं बोट तसंच होतं. ती आता मुलांच्या डोक्यांवरून मागे बघत होती, सरळ आमच्याकडे.

"ये," मी म्हणाले. मोठ्यानं नाही, शेजारच्याला ऐकू जाईल इतकंच.

साडेसहा माझ्याकडे वळला. आजवर आमचं सगळं 'या' आणि 'बसा'मध्ये चाललं होतं. त्यानं चष्मा काढला, उगाच पुसला, पुन्हा लावला.

"कुणाला म्हणालात?" त्यानं विचारलं.

"म्हणालात नाही," मी म्हणाले. "म्हणालीस."

आत्यानं बोट उचललं.